दोनच जागांची गाडी

आमच्या ओस्टबी गावात माणसाला काय हवंय हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, तर आयुष्य पुरत नाही. कॉफी घेणार का, असं विचारलं तर आधी ‘नको नको, कशाला’. पुन्हा विचारलं तर ‘तुम्ही स्वतःसाठी करतच असाल तर’. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, अर्धाच कप’, आणि मग तो बाबा कॉफीचं अख्खं भांडं रिकामं करून उठतो. रविवारी चर्चच्या तळघरात केक मांडतात. त्यातला शेवटचा तुकडा कुणी म्हणून उचलत नाही. जो येतो तो त्याच्यातला अर्धा कापून घेतो, पुढचा त्या अर्ध्यातला अर्धा, आणि शेवटी ताटलीत मुंगीला पुरेल एवढा केक उरतो. तो मी खाते. मी न्यू जर्सीची आहे.

म्हणजे मूळची. बेयोनला आमच्या घरी जेवायच्या टेबलावर सगळे एकदम बोलायचे, आणि जो श्वास घ्यायला थांबेल त्याच्या ताटातला खिम्याचा गोळा गेलाच म्हणून समजायचं. आर्विड टॉलेफसन तेव्हा नौदलात होता. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात तो भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्याशी बोलायला लागले ती जेवणं आटोपेपर्यंत बोलत राहिले, आणि त्याने सगळं ऐकलं. कुणी कुणाचं इतकं ऐकून घेतं हे मी आमच्या खानदानात पाहिलं नव्हतं. तिथेच मी मनाशी ठरवलं आणि त्याच्यामागे मिनेसोटाला आले. या गोष्टीला आता पस्तीसच्या वर वर्षं झाली.

नौदल सुटल्यावर आर्विड पोस्टमन झाला. आमच्याकडे शेतांतली घरं एकमेकांपासून लांब लांब, आणि पत्रपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला खांबांवर. पोस्टमनने आपल्याच गाडीने फिरायचं. इकडे स्टीअरिंग डावीकडे असतं, तरी उजव्या सीटवर बसायचं, डावा पाय आणि डावा हात लांब करून गाडी हाकायची आणि उजव्या हाताने खिडकीतून पत्रं टाकत जायचं. आर्विडने निवृत्त होईपर्यंत हेच केलं. कामाच्या वेळी त्याच्या गाडीत पत्रं असायची आणि उरलेल्या वेळी माणसं. मागच्या सीटवर कोण नव्हतं ते विचारा. शेजारची आयोन हौगन तर कायमचीच, दर रविवारी चर्चला आणि दर मंगळवारी तालुक्याला. शिवाय पास्टरच्या घडीच्या खुर्च्या, कुणाचं होडीचं इंजिन, कुणाची आजारी मेंढी. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही सुपीरिअर सरोवराच्या किनाऱ्यावर गेलो, तेव्हा मागे आयोनच्या नवऱ्याची, क्लॅरेन्सची, आरामखुर्ची होती, कारण वाटेत त्याच्या भावाकडे पोहोचवायची होती. खुर्चीशेजारी आयोन होती. खुर्ची नीट जाते की नाही ते बघायला.

तर ती गाडी या वसंतात गेली. हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने तिचं पोट खाऊन टाकलं होतं. एका सकाळी मी आत बसले आणि माझी टाच थेट रस्त्याला टेकली. आर्विडने वाकून भोकाकडे पाहिलं.

“हं,” तो म्हणाला, “आता बघायला हवं.”

त्याच्या भाषेत हा हंबरडा होता.

आमच्या दोघांत गाडी एकच परवडण्यासारखी होती, आणि ड्वेन ब्रेकीच्या आवारात उभ्या होत्या दोन. ड्वेन जुन्या गाड्या विकतो. कशा विकतो ते देव जाणे, कारण गिऱ्हाईक दिसलं की हा लाजतो.

“ही निळी बघा,” तो म्हणाला. “म्हणजे बघायलाच हवी असं काही नाही.”

निळी गाडी छोटी, पाच दारांची, टुणटुणीत होती. मागच्या सीटा आडव्या केल्या की आत गवत कापायचं यंत्र सहज मावलं असतं. दिसायला अगदी भाजीपाला आणायची गाडी, पण इंजिन शर्यतीच्या घोड्याचं. आर्विडने खिशातून टेप काढून मागची जागा मोजली आणि मान हलवली.

“आणि ती?” मी विचारलं.

कडेला एक हिरवी रोडस्टर उभी होती. माझ्या कमरेइतकीच उंच, वर कापडी टप, आत दोन सीटा आणि डिकीत फार तर एक पाव आणि एक टोपी ठेवता येईल एवढी जागा.

“ती होय,” ड्वेन म्हणाला, जणू मी त्याच्या धाकट्या मेहुण्याची चौकशी केली होती. “ती गंमत आहे. एका दंतवैद्याने विकायला ठेवलीय. बसून बघा हवं तर. नसेल बघायचं तरी वाईट वाटणार नाही मला.”

आधी निळी. मंगळवार होता, म्हणून आयोन आमच्याबरोबर होतीच. ती मागे चढली. ड्वेनने किल्ली आर्विडच्या हातात दिली. आर्विड गाडीला वळसा घालून उजव्या दाराशी गेला, आत बसला, पट्टा लावला आणि डावा पाय पलीकडे टाकला. मध्ये गिअरचा दांडा, जुन्या गाडीत नव्हता तो. पाय अडकला तो अडकलाच. जन्माची सवय, ती कुठे जाणार!

ड्वेन खिडकीशी वाकून बघत होता. “तसंही चालवता येईल बहुतेक,” तो म्हणाला. हसायचं सोडा, त्या सभ्य माणसाने पापणीसुद्धा हलवली नाही.

“आर्विड, स्टीअरिंग इकडे आहे,” मी म्हणाले.

“हं. खरंच की.”

पण त्याचा पाय निघेपर्यंत मी डावीकडे बसून गाडी चालू केली होती. गिअरची गाडी मी बेयोनच्या रहदारीत शिकलेय, शिव्या देत. गावाबाहेर पडल्यावर मी पाय दाबला, आणि निळी अशी सुटली की मागून आयोनचा आवाज आला, “अगंबाई!”

“कसं आहे मागे?” मी विचारलं.

“छान आहे. गुडघे जरा हनुवटीला लागतायत, पण त्यानिमित्ताने व्यायाम होईल.”

गाडी खरोखर गुणाची होती. वळणावर जराही न डगमगता वळायची आणि थांब म्हटलं की थांबायची. आयोन बटाट्याच्या भावापासून पास्टरच्या मुलीच्या साखरपुड्यापर्यंत बोलत राहिली, मी तिला उत्तरं देत राहिले, आणि आर्विड नेहमीसारखा समोर बघत बसला. परत आलो तेव्हा मला त्याच्याकडे एकदाही बघायला झालेलं नव्हतं.

मग हिरवी. तिच्यात आयोनला जागा नव्हती. ड्वेनने तिला ऑफिसात बसवून कॉफी दिली, तिसऱ्यांदा विचारल्यावर. आर्विड पुन्हा उजवीकडे जाऊन बसला. या वेळी सवयीने की मुद्दाम, ते त्याचं त्याला ठाऊक. मी टप मागे टाकला आणि तळ्याकडच्या रस्त्याला लागले.

मी गाडी हळू चालवत होते. मे महिन्याचं ऊन होतं, शेतं नुकती नांगरलेली होती. पहिली पत्रपेटी आली तसा आर्विडचा उजवा हात आपोआप उचलला गेला आणि रिकामाच परत आला. दुसऱ्या पेटीला तसंच. तिसरीच्या वेळी त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. मग त्याने हात मांडीवर ठेवला, डोकं मागे टेकवलं आणि आभाळाकडे बघत राहिला. मागे कुणी नव्हतं. मागे नव्हतंच काही, आमच्या पाठीशी गाडी संपत होती.

तळ्यापाशी मी वळून घेतलं. “काय?” मी विचारलं.

“वाईट नाही,” आर्विड म्हणाला.

तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगते. हा माणूस आमची लेक झाली त्या दिवशी ‘वाईट नाही’ म्हणाला होता. वॉलाय मासा हाताएवढा मिळाला तेव्हासुद्धा फक्त ‘ठीक’ म्हणाला.

आणि मला काय हवं होतं तेही सांगून टाकते, कारण मी इथल्या लोकांसारखी ताकास तूर न लावणारी बाई नाही. मला ती हिरवी गाडी हवी होती, आणि तिच्यात दोनच जागा आहेत म्हणून हवी होती. इतकी वर्षं मी माझा नवरा गावाबरोबर वाटून घेतला. आता लेक सिॲटलला, आर्विडच्या गुडघ्यात कुरकुर सुरू झालेली, आणि मला रोज सकाळी त्याचे पांढरे केस उशीवर दिसतात. आणखी किती उन्हाळे मिळणार आहेत आम्हाला? त्यांतला निदान एक तरी मला त्याच्या शेजारी बसून काढायचा होता, मागून कुणी बटाट्याचे भाव न सांगता. मला तो एकटीला हवा होता. हावरट म्हणा हवं तर.

रविवारी चर्चच्या तळघरात गावाने मत दिलं, म्हणजे दिलं नाही.

“हिरवी गाडी बघितलीत म्हणे,” पास्टरची बायको म्हणाली. “वेगळीच आहे, नाही?” आमच्याकडे ‘वेगळी’ म्हणजे अंगावर पाल पडल्यासारखी.

“जानेवारीत मजा येईल,” दुसरा एक जण कॉफीत बघत म्हणाला. “फावड्याने शोधून काढायची ती.”

“माझी काळजी मुळीच करू नका बरं का,” आयोन म्हणाली. “मी चर्चला चालत येईन. वाटेत बर्फात पडले तर एप्रिलमध्ये सापडेनच.”

माझं डोकं तिथेच तापलं. पण मी तोंड बंद ठेवून केकचा उरलेला कण खाल्ला.

त्या संध्याकाळी आर्विडने हॉटडिशचा, म्हणजे इथल्या बटाटा-खिम्याच्या भाजलेल्या पदार्थाचा, दुसरा डाव वाढून घेतला आणि ताटाकडे बघत म्हणाला, “मी म्हणतो, निळी घेऊ.”

“तुला हिरवी आवडली.”

“निळी सोयीची आहे.”

“मी सोयीचं विचारत नाहीये. तुला काय हवंय?”

“तुला जे बरं वाटेल ते.”

“मला हिरवी बरी वाटते.”

“हं,” तो म्हणाला. “पण निळी बरी पडेल तुला.” आणि उठून भांडी घासायला लागला.

बेयोनमध्ये अशा वेळी काहीतरी फुटतं. मी एकटीच भांडत राहिले. सोयीला शिव्या दिल्या, निळ्या रंगाला शिव्या दिल्या, नॉर्वेहून इकडे आलेल्या त्याच्या पणजोबाला शिव्या दिल्या. तो एकेक ताट पुसून ठेवत राहिला, आणि मध्येच त्याने माझ्यापुढे पाण्याचा पेला आणून ठेवला, बोलून घसा कोरडा पडला असेल म्हणून. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

एवढं मात्र मला स्वच्छ कळलं की हे सगळं आयोनसाठी चाललंय. बर्फात पडेन, एप्रिलमध्ये सापडेन! हे ऐकल्यावर आर्विडसारखा माणूस दोन सीटांची गाडी कशी घेईल? दुसऱ्या दिवशी मी टोमॅटोच्या सॉसची बरणी घेतली, कारण रिकाम्या हाताने भांडायला जाणं आता मलाही जमत नाही, आणि तिच्या स्वयंपाकघरात जाऊन ती टेबलावर आदळली.

“आयोन, स्पष्ट बोलायला आलेय.”

“बस ना. कॉफी टाकते.”

“नको कॉफी. आर्विडला ती हिरवी गाडी आवडलीय. जन्मात पहिल्यांदा त्याला स्वतःसाठी काहीतरी आवडलंय. आणि तुला चर्चला न्यायचं म्हणून तो निळी घेतोय. तुझ्यावर माझा जीव आहे, पण गेली पस्तीस वर्षं तू माझ्या संसाराच्या मागच्या सीटवर बसलीयस.”

बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली. आयोन चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिने बरणी उजेडात धरून पाहिली, फडताळात ठेवली, आणि मग माझ्यासमोर बसली.

“लोरेटा,” ती म्हणाली, “तुला एक सांगू का? म्हणजे तुला वाईट वाटणार नसेल तर.”

“सांग की.”

“मागच्या सीटवर बसलं की मला मळमळतं.”

“कधीपासून?” मी विचारलं.

“पहिल्यापासून. चर्चला पोहोचेपर्यंत पहिलं गाणं म्हणायची ताकद नसते माझ्यात. परवा त्या निळीत तर मी देवाला हाकच मारली. आलं ठेवते मी पर्समध्ये.”

“मग इतकी वर्षं बसलीस कशाला? आणि बोलली का नाहीस?”

“तू बोलत असायचीस ना. मध्येच कसं तोडायचं?” तिने टेबलावरचा कण बोटाने टिपला. “आणि आर्विडने सांगितलं होतं.”

“काय सांगितलं होतं?”

आयोनने खिडकीबाहेर पाहिलं. इथली माणसं खरं बोलताना समोरच्याकडे बघत नाहीत. “तुमचा पहिला हिवाळा होता तो. तुला आठवत असेल, तू फार रडायचीस तेव्हा. आर्विड इथेच, या दारात उभा राहिला होता, टोपी हातात घेऊन. म्हणाला, लोरेटाला बोलायला माणूस लागतं आणि मला बोलता येत नाही. तू आमच्या गाडीतून चर्चला येशील का? क्लॅरेन्सची नि माझी गाडी अंगणात उभी होती, लोरेटा. नवी कोरी. क्लॅरेन्स म्हणाला, जा तू, पोरगी माहेरी पळून जाईल नाहीतर. तो बिचारा आपला एकटाच मागून यायचा आमच्या गाडीतून.”

मला आठवलं. म्हणजे मी विसरलेच नव्हते, फक्त त्याच्याकडे बघितलं नव्हतं. उणे तिशीतला तो जानेवारी, खिडक्यांना आतून बर्फ, आणि मी मोरीपाशी उभी राहून आर्विडवर ओरडत होते, की इथे माणसं बोलत का नाहीत, मी काय भिंतींशी बोलू? त्याने काही उत्तर दिलं नव्हतं. पुढच्या रविवारी गाडीत आयोन होती. मग पास्टर, मग मेंढीवाला, मग जो भेटेल तो. मला वाटत आलं होतं की माझ्या नवऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नाही.

“आणि आरामखुर्ची?” मी विचारलं. “लग्नाच्या वाढदिवसाला?”

“खुर्ची क्लॅरेन्सच्या भावाला नकोच होती,” आयोन म्हणाली. “मी काहीतरी निमित्त शोधलं. आर्विड म्हणाला होता, एवढा लांबचा रस्ता आहे, तिला कंटाळा येईल.”

मी कॉफी घेतली. या वेळी तिने एकदाच विचारल्यावर.

आर्विड शेडमध्ये होता. जुन्या गाडीतून काढता येईल ते सगळं काढून नीट मांडून ठेवत होता. मी एक बादली उपडी केली आणि तिच्यावर बसले.

“निळी का घ्यायची ते सांग,” मी म्हणाले. “आणि सोय म्हणालास तर मी किंचाळेन.”

त्याने पाना खाली ठेवला. हातांना फडकं लावलं, एकेक बोट पुसलं. मी गप्प बसले. मला किती जड गेलं ते माझं मला माहीत, पण मी गप्प बसले.

“हिरवीत आपण दोघंच,” तो शेवटी म्हणाला.

“हो.”

“रस्ताभर.”

“हो ना, आर्विड.”

“मी काय बोलणार तुझ्याशी?” त्याने फडक्याची घडी घातली. “तू बोलशील. मी हं म्हणेन. मग एक दिवस तुझ्या लक्षात येईल की दुसऱ्या बाजूला कुणी नाहीच. निळीत कसं, मागे कुणीतरी असतं. तुझं हसणं ऐकू येतं मला. मी गाडी चालवतो आणि तुम्ही हसत असता. मला तेवढं पुरतं.”

एवढं लांब तो आमच्या लग्नातसुद्धा बोलला नव्हता. मला रडू आलं, हसूही आलं, आणि बादली कलंडली म्हणून मी जमिनीवर बसले ती तिथेच बसून राहिले.

“आयोनला गाडी लागते,” मी म्हणाले.

“काय?”

“मागे बसलं की मळमळतं तिला. पस्तीस वर्षं. आल्याचे तुकडे चघळत आलीय ती, तुझ्या शब्दाखातर. क्लॅरेन्स मागून एकटा यायचा. ती खुर्ची कुणालाही नको होती. सगळ्या गावाने मिळून मला सोबत केली, आणि मी मात्र रोज म्हणत होते की हे लोक आता उतरतील तर बरं, मला माझ्या नवऱ्याशेजारी बसायचंय.”

आर्विड माझ्याकडे बघत राहिला. सरळ माझ्या डोळ्यांत.

“मग बोलली का नाहीस?”

हा प्रश्न त्याने मला विचारावा! मी, बेयोनची, जिचं तोंड झोपेतही मिटत नाही! पण खरंच, मी त्याला सगळं सांगितलं होतं, फक्त एवढं सोडून. तुझ्या दाराशी येणाऱ्या माणसांना तोड आणि माझा हो, असं कसं म्हणायचं, बरं दिसेल का, हा विचार मी करत आले. इथल्या पाण्याने माझंही कल्याण केलं होतं.

“आता बोलते,” मी म्हणाले. “पहिला हिवाळा केव्हाच संपला, आर्विड. तेव्हा मला माणसं हवी होती, ती तू दिलीस. आता मला तू हवायस. तू बोल, नको बोलूस, हं म्हण, नको म्हणूस. दुसऱ्या बाजूला तू आहेस हे मला कळतं. भिंतीला टेकून उभा होतास तेव्हाही कळत होतं. मी काय उगीच आले एवढ्या थंडीत?”

तो माझ्या शेजारी जमिनीवर बसला. गुडघा कुरकुरला.

“हिवाळ्याचं काय?” तो म्हणाला.

हिवाळ्याचं आयोनने बघितलं. क्लॅरेन्सच्या माघारी त्याचा पिकअप तिच्या गोठ्यात पडून होता. ती म्हणाली, आम्ही तो नोव्हेंबर ते एप्रिल चालवला तर गाडीवर उपकारच होतील, बॅटरी जिवंत राहील. त्याला पुढे एकच सलग सीट आहे, तिघं बसतील, आणि ती मध्ये बसेल. पुढे बसलं की तिला मळमळत नाही. उन्हाळ्यात चर्चला ती पास्टरच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून जाईल, आणि हे तिने पास्टरला स्वतः, पहिल्याच दमात, तोंडाने सांगितलं. पास्टर एवढे दचकले की लगेच हो म्हणाले. ड्वेन मात्र हिरवीची किल्ली देताना म्हणालाच, “पसंत पडली नाही तर परत आणा. पसंत पडली तरी चालेल.”

जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही सुपीरिअरच्या किनाऱ्याला निघालो. डिकीत एक पाव, एक टोपी आणि आर्विडचे कोरडे मोजे. गाडी तो चालवत होता, डावीकडे बसून, दोन्ही पाय जिथल्या तिथे. मी उजवीकडे. टप मागे टाकलेला.

आणि मी बोलायला लागले. पस्तीस वर्षांचं साठलेलं होतं. त्या पहिल्या हिवाळ्यात मी खरंच तिकीट काढायला निघाले होते, आणि तू दार उघडून आत आलास, भुवयांवर बर्फ होतं, आणि मी परत फिरले, हे सांगितलं. लेक झाली तेव्हा मी झोपल्याचं सोंग घेऊन तुला तिच्याशी कुजबुजताना ऐकलं, हे सांगितलं. उशीवरच्या पांढऱ्या केसांचं सांगितलं. ते बघून मला भीती वाटते, आणि तुझ्या आधी मला जायचंय, आणि नाही, तेही नको, कारण मग तुझं मोज्यांचं कोण बघेल, हे सगळं सांगितलं. आर्विड समोर बघत होता. मधून मधून मान हलवत होता. मला कधी एवढं हलकं वाटलं नव्हतं.

टेकडी उतरून पाणी दिसलं तशी त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. वारा थांबला. एकदम इतकं शांत झालं की खालच्या लाटा ऐकू आल्या. तो दार उघडेल म्हणून मी वाट बघत होते, पण तो उतरला नाही. माझ्याकडे वळून बसला.

“लोरेटा,” तो म्हणाला, “वाऱ्यामुळे मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पुन्हा सांग. सगळं, पहिल्यापासून.”